एकाच शिल्पाच्या सात प्रती: हेपवर्थबाईंचा दगड आणि त्यांचं ब्राँझ

पाथरवट

मागच्या एका धाग्यावर ब्राँझच्या शिल्पांवरून बरीच जुंपली होती. एका साच्यातून सहा-सात प्रती निघत असतील तर त्यातली खरी कुठली, आणि घेणारा एवढे पैसे नेमके कशाचे मोजतो? 'धंदा आहे, दुसरं काय' यावर तो विषय मिटला. मला ते पटलेलं नाही. धंदा आहेच, पण तेवढंच नाही. म्हणून हा वेगळा धागा, आणि उदाहरणाला ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थ. त्यांच्याच पिढीतल्या हेन्री मूर या शिल्पकाराचं नाव आपल्याकडे कलाशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं, बाईंचं तेवढं नसतं, हे एक कारण. दुसरं असं की बाईंनी अर्धी कारकीर्द दगड आणि लाकूड थेट कोरण्याच्या हट्टात काढली आणि १९५६ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, ब्राँझ हाती घेतलं. तो हट्ट सुटला की नुसता वेगळ्या वाटेनं गेला, यात मला रस आहे.

जन्म १९०३, यॉर्कशायरमधलं वेकफील्ड. वडील रस्ते-पुलांची कामं बघणारे सर्व्हेअर. त्यांच्या मोटारीतून पोरगी हिंडायची, आणि तिथल्या टेकड्या, चढउतार तेव्हापासूनच आपल्याला शिल्पांसारखे दिसायचे असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. लीड्सच्या कलाशाळेत मूर बरोबर होता. तोही जवळच्याच कॅसलफर्डचा. मग दोघंही लंडनला रॉयल कॉलेजात.

हट्ट कळायचा तर तेव्हाची रीत माहीत हवी. शिल्पकार मातीत काम करायचा, त्याचं प्लास्टर काढायचा, आणि गिऱ्हाइकाला संगमरवर हवा असेल तर ते प्लास्टर कारागिराकडे जायचं. तो पॉइंटिंग मशीननं ठिपके मोजून नक्कल उतरवायचा. दगडाला शिल्पकाराचा हात लागलाच पाहिजे असं काही नव्हतं. मूर, हेपवर्थ आणि त्यांच्या पिढीतल्या काहींनी हे नाकारलं. बाई १९२४ मध्ये इटलीला गेल्या, पुढच्या वर्षी फ्लॉरेन्सला जॉन स्कीपिंग या शिल्पकाराशी लग्न केलं आणि रोममध्ये आर्दिनी नावाच्या उस्तादाकडे संगमरवर कोरायला शिकल्या. माणूस बदलला की संगमरवराचा रंग बदलतो, हे आर्दिनींचं म्हणणं बाईंनी आयुष्यभर लक्षात ठेवलं.

१९३२ मध्ये त्यांनी गुलाबी अलाबास्टरच्या, म्हणजे एका मऊ दगडाच्या, शिल्पाला आरपार भोक पाडलं. आज ते वाचून कुणाची भुवई वर जाणार नाही, पण तोवर शिल्प म्हणजे भरीव वस्तू. आत रिकामी जागा ठेवायची आणि त्या जागेलाच आकार मानायचं, हे इंग्लंडात नवं होतं. ते शिल्प महायुद्धात नष्ट झालं. आता फक्त फोटो आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मधली वर्षं भरभर सांगतो. चित्रकार बेन निकल्सनबरोबरचा संसार, १९३४ मध्ये एकाच वेळी झालेली तीन मुलं, पॅरिसला ब्रांकुशी आणि आर्प या शिल्पकारांच्या स्टुडिओंना भेटी, आणि युद्ध सुरू व्हायच्या तोंडावर ऑगस्ट १९३९ मध्ये इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलला स्थलांतर. युद्धात ना दगड, ना जागा. दिवसभर मुलं आणि घर, रात्री रेखाटनं. १९४९ मध्ये सेंट आइव्हज गावात 'ट्रेविन' नावाचा स्टुडिओ घेतला, तो शेवटपर्यंत.

आता ब्राँझ. कारणं सरळ होती. परदेशातून मागणी यायला लागली. सार्वजनिक जागांसाठी मोठी कामं मिळू लागली. एक दगड कोरायला महिनोन् महिने जातात आणि तो एकाच ठिकाणी जातो. इथपर्यंत 'धंदा' म्हणणारे बरोबर आहेत.

पण बाईंनी ब्राँझसाठी माती हातात घेतली नाही. त्यांनी ॲल्युमिनियमच्या जाळीचा सांगाडा उभा केला, त्यावर प्लास्टर चढवलं, आणि ते कडक झाल्यावर दगडासारखं तासलं. कुऱ्हाडी, कानशी, पटाश्या, सगळी कोरण्याची हत्यारं. कमी पडलं तर पुन्हा थापायचं, पुन्हा तासायचं. म्हणजे दगड फक्त काढू देतो, प्लास्टर काढूही देतं आणि घालूही देतं. १९५८ चं 'सी फॉर्म, पोर्थमिअर' बघा. पोर्थमिअर हा सेंट आइव्हजचा किनारा. फुटायच्या बेतात असलेल्या लाटेसारखी आत वळलेली कड, बाहेरचा पृष्ठभाग काळपट आणि ओरबाडलेला, आतली बाजू पांढुरकी हिरवी. दगडात एवढी पातळ कड उचलतानाच तुटली असती. आणि ते ओरखडे ओतताना आलेले नाहीत, बाईंच्या कानशीचे आहेत. धातूत उतरलेत एवढंच.

बहुतेक शिल्पांच्या सहा किंवा सात प्रती, प्रत्येकीवर क्रमांक, आणि शिवाय शून्य क्रमांकाची एक, ती बाईंची स्वतःची. माझा मुद्दा असा की कोरीव काम त्या प्लास्टरमध्येच पुरं झालेलं असतं. धातू ही त्या कामाची साक्ष आहे, आणि साक्षी सात असल्या म्हणून काम सात वेळा झालं असं होत नाही.

सर्वात मोठं उदाहरण न्यूयॉर्कचं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड बाईंचे चाहते. १९३७-३८ मध्ये चंदनाच्या लाकडात कोरलेलं त्यांचं 'सिंगल फॉर्म' हामरशोल्डनी घेतलं होतं. सप्टेंबर १९६१ मध्ये ते विमान अपघातात गेले. बाईंनी त्याच महिन्यात अक्रोडाच्या लाकडात नवं 'सिंगल फॉर्म' कोरलं, मग तोच विचार ब्राँझमध्ये दहा फुटांवर नेला (हे लंडनच्या बॅटरसी पार्कात आहे), आणि शेवटी २१ फुटी, जे जून १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोर उभं राहिलं. तेवढ्या कामाला ट्रेविन पुरेना म्हणून १९६१ मध्ये त्यांनी समोरचं जुनं नाचघर विकत घेतलं होतं. चंदनाच्या तुकड्यापासून २१ फुटांपर्यंत आकार एकच, आणि त्यातलं कुठलंही दुसऱ्याची नक्कल नाही.

बोला.

तिरकस

लेख आवडला, निष्कर्ष नाही. साच्यातून सात निघतात तर सत्तरही निघतील. ते न काढता 'सातच हं' म्हणायचं आणि भाव चढवायचा, याला आमच्या पेठेत साठेबाजी म्हणतात. साक्ष वगैरे शब्द छान आहेत. हलके घ्या.

ओतारी

आमच्याकडे पुतळे ओततात, म्हणून थोडं लिहितो. तिरकस, तांत्रिकदृष्ट्या तुमचं बरोबर आहे. रबराचा साचा झिजतो, पण तो नवा करता येतो. सत्तर निघतील.

पण 'निघतील' म्हणजे काय ते ऐका. प्लास्टरवरून रबराचा साचा. त्यात गरम मेण फिरवून चार-पाच मिलिमीटरचा थर. मेणाची ती पोकळ प्रत बाहेर काढली की साच्याचे जोड, हवेचे बुडबुडे, दबलेल्या कडा, सगळं हातानं दुरुस्त करायचं. मग मेणाच्याच काड्या लावायच्या, धातू आत यायच्या आणि हवा बाहेर जायच्या वाटा म्हणून. आत गाभा, बाहेरून कवच. भट्टीत मेण वितळून गेलं की त्या पोकळीत अकराशे अंशांच्या वर तापवलेला रस. थंड झाल्यावर कवच फोडायचं, काड्या कापायच्या, तुकडे वेल्ड करायचे आणि जोड दिसेनासा होईपर्यंत घासायचं. म्हणजे प्रत्येक प्रतीचं मेण वेगळं, दुरुस्ती वेगळी, घासणारा माणूसही कधी वेगळा. सात भावंडं म्हणा, पण झेरॉक्स म्हणू नका.

शेवटी रंग. ब्राँझ तापवून त्यावर रसायन मारतात. गंधकाच्या क्षारानं तपकिरी-काळा, तांब्याच्या नायट्रेटनं हिरवा, लोखंडाच्यानं तांबूस. बर्नर दोन सेकंद जास्त धरला तर छटा गेली. धाग्यात लिहिलेला तो आतला पांढुरका हिरवा रंग सात वेळा सारखा काढून दाखवणाऱ्याला मी स्वतः शाल-श्रीफळ देईन. मोठे शिल्पकार प्रत्येक प्रत बघून मगच पास करतात ते यासाठी.

आणि आपल्याकडे एक गंमत आहे. गावोगावचे अश्वारूढ पुतळे एकाच साच्यावरचे असतात, कुणी क्रमांक घालत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

कोकणकडा

+१ ओतारी. शेवटच्या ओळीसाठी दंडवत.

थेम्सकाठची

लंडनमधल्या मंडळींसाठी: ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जॉन लुईसच्या दुकानात आपण सगळेच सेलला जातो. होल्स स्ट्रीटच्या बाजूला भिंतीवर दोन पंख आणि मध्ये ताणलेल्या सळया दिसतात ना? ते बाईंचं 'विंग्ड फिगर', १९६३. ते ब्राँझ नाही, ॲल्युमिनियम. मी कित्येक वर्षं त्याखालून बस पकडली आणि ते दुकानाचं बोधचिन्ह असेल असं समजून वर बघितलंही नाही. इथली निम्मी गर्दी तसंच करते.

पण मला लिहायचंय ते डलिच पार्कबद्दल. तिथे बाईंचं 'टू फॉर्म्स, डिव्हायडेड सर्कल' होतं, १९६९ चं. माणसाहून उंच, वर्तुळाचे दोन अर्धे भाग, दोन्हींना भोकं, मुलं त्यातून डोकावायची. १९७० पासून तळ्याजवळ उभं. डिसेंबर २०११ मध्ये एका रात्री चोरांनी ते कापून नेलं. पाच लाख पौंडांचा विमा होता. शिल्प सापडलं नाही. सगळ्यांची समजूत अशी की भंगारात गेलं असणार, कारण तेव्हा तांब्याला भाव होता. सहा वर्षं आधी मूरचं दोन टनांहून जड 'रिक्लायनिंग फिगर' असंच त्याच्या आवारातून क्रेन लावून पळवलं होतं. पोलिसांचा अंदाज, वितळवून जेमतेम दीड हजार पौंड मिळाले असतील. किंमत सांगितली जात होती तीस लाख.

आता पाथरवटांनी 'ध्यानात ठेवा' म्हटलं होतं तिकडे येते. ते भोक पाडलेलं अलाबास्टर युद्धात गेलं आणि कायमचं गेलं. डलिचचं गेलं, पण त्याचं भावंड सेंट आइव्हजला बाईंच्या बागेत आहे, एक बोल्टनमध्ये आहे, एक केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजात. मी साठेबाजीच्या बाजूची नाही, पण इथे मला प्रतींचं महत्त्व पटलं.

तिरकस

घ्या! मग सोपं आहे. साचा शोधा, डलिचला नवं ओतून द्या. चोरीला गेलेल्या क्रमांकाचंच. कुणाचं काय जातं?

पाथरवट

थेम्सकाठची, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही नेमकं लिहिलंत. धन्यवाद.

तिरकस, जातं. पास करणारी बाई नाही. २० मे १९७५ ला ट्रेविनमध्येच लागलेल्या आगीत त्या गेल्या. ओतारींनी लिहिलंय ते मेण कोण बघणार, रंग कोण ठरवणार? आणि उद्या चोराकडचं जुनं सापडलं तर एका क्रमांकाची दोन शिल्पं होतील.

मेल्यानंतर ओतण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. फ्रेंच शिल्पकार रोदँनं १९१६ मध्ये आपलं सगळं काम, ओतण्याच्या हक्कासकट, फ्रेंच सरकारला देऊन टाकलं. त्याचं 'गेट्स ऑफ हेल' त्याच्या हयातीत एकदाही ब्राँझमध्ये ओतलं गेलं नव्हतं. आज लोक ज्या दरवाजासमोर फोटो काढतात तो त्यानं धातूत पाहिलेलाच नाही. फ्रेंच चित्रकार दगा यानं तर हयातीत एकच शिल्प प्रदर्शनात ठेवलं, ती चौदा वर्षांची नर्तकी, आणि तीही मेणाची. ब्राँझच्या नर्तकी सगळ्या तो गेल्यावरच्या. या घोळातूनच पुढे फ्रान्समध्ये नियम झाला की मूळ म्हणवायच्या प्रती जास्तीत जास्त बारा: आठांवर साधे आकडे, चार कलाकाराच्या म्हणून रोमन आकडे. म्हणजे तुमची साठेबाजी तिथे कायद्यात बसवलेली आहे.

इंदुरी_जिरावण

उशिरा आलो. ब्रांकुशीचं नाव निघालं आणि होळकरांचं नाही, हे इंदूरच्या माणसाला कसं चालेल?

दुसरे यशवंतराव होळकर, माणिक बाग राजवाडा बांधून घेणारे. त्यांनी ब्रांकुशीकडून 'बर्ड इन स्पेस' या शिल्पमालिकेतले तीन पक्षी घेतले: एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं होतं. ब्रांकुशी त्या कामासाठी १९३७-३८ च्या हिवाळ्यात खुद्द इंदूरला येऊन गेला. पण १९३७ मध्येच महाराणी संयोगिताराजे गेल्या होत्या, महाराजांचं मन उडालं होतं, आणि मंदिर कागदावर राहिलं. पक्षीही उडाले. दोन्ही संगमरवरी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात, ब्राँझचा कॅलिफोर्नियात पासाडेनाला. इंदुरात काय उरलं? सराफा आणि ही गोष्ट.

पाथरवट

वा! हे इथे यायलाच हवं होतं, आणि विषयालाही धरून आहे. ब्रांकुशीनं प्रतींचा प्रश्न निराळ्या पद्धतीनं सोडवला. तोच पक्षी तो वर्षानुवर्षं संगमरवरात आणि ब्राँझमध्ये पुन्हा पुन्हा करत राहिला. ओतून आलेला ब्राँझ त्याच्यासाठी कच्चा माल, मग स्वतः घासून घासून आरशासारखा करायचा. त्यामुळे प्रत्येक पक्ष्याची उंची, पोटाचा फुगवटा थोडा निराळा. असाच एक पक्षी १९२६ मध्ये अमेरिकेत उतरला तेव्हा कस्टमवाल्यांना ती कला वाटेना. त्यांनी स्वयंपाकघर आणि दवाखान्यातल्या वस्तूंच्या खात्यात टाकून ४० टक्के जकात लावली. खटला १९२८ मध्ये ब्रांकुशीच्या बाजूनं लागला. त्या खटल्यातही एक मुद्दा हाच होता की हे अस्सल आहे का आणि कलाकारानं स्वतः केलंय का.

बाईंना तेवढं एकेका प्रतीमागे बसणं शक्य नव्हतं. त्यांनी प्लास्टरवर जोर दिला. ब्रांकुशीचा हात धातूवर शेवटी पडतो, बाईंचा आधी.

भूलवाली

डॉक्टर म्हणून थोडं अवांतर. त्यांच्या तिळ्यांपैकी एका मुलीला हाडाचा आजार झाला होता, तिच्यावर उपचार करणाऱ्या सर्जनशी ओळख वाढली आणि बाईंना थेट ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून चित्रं काढायची परवानगी मिळाली. १९४७ ते ४९ मधली ती चित्रं जरूर बघा. तोंडावर मास्क, त्यामुळे नुसते डोळे आणि हात. आम्ही टेबलाभोवती कसे उभे राहतो, कुणाचा हात कुणाच्या हाताखालून जातो, सगळं अचूक. त्या स्वतः म्हणायच्या की डावा हात विचार करतो, उजवा नुसता चालतो. छिन्नी डाव्यात असते ना, दगड आतून कसा आहे ते तिलाच आधी कळतं. आमच्याकडे चिमटा धरणाऱ्या हाताचंही असंच आहे.

कोकणकडा

आपल्याकडचं एक नाव सुचवतो: सदानंद बाकरे. १९४७ मध्ये मुंबईत निघालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी एकटे शिल्पकार. जे.जे.चे विद्यार्थी, १९५१ मध्ये लंडनला गेले, १९७५ मध्ये परत आले ते मुंबईला नाही, आमच्या मुरुड-हर्णैला. २००७ मध्ये तिथेच गेले. सूझा, रझा, हुसेन यांच्या चित्रांच्या लिलावाच्या बातम्या येतात, आणि त्याच ग्रुपातला शिल्पकार दापोली तालुक्यात इतकी वर्षं राहिला हे दापोलीतल्या किती जणांना माहीत होतं? माझ्या मते त्याला हेही कारण आहे की चित्र गुंडाळून नेता येतं, शिल्पाला जागा, ओतायला पैसा आणि विकत घेणारी नगरपालिका लागते. बाईंना ब्रिटनमध्ये शाळा, कॉलेजं, नगरसभा अशी गिऱ्हाइकं मिळाली. बाकऱ्यांना कोण होतं?

ओतारी

कोकणकडा, खरंय. आमच्याकडे शिल्पकार येतो तो ऑर्डर घेऊन येतो, आणि ऑर्डर पुतळ्याची असते. स्वतःच्या मनातलं काही ओतायचं म्हटलं तर धातूचे पैसे आधी टाकावे लागतात. हेपवर्थबाईंचा एक मदतनीस, डेनिस मिचेल, दहा वर्षं त्यांच्याकडे राबला आणि पुढे स्वतः ब्राँझमध्ये नाव काढलं. आमच्याकडची हुशार पोरं गणपतीच्या सीझनला फायबरकडे वळतात. पोट आहे.

बाकी एक शंका. बाईंची मूळ प्लास्टरं गेली कुठं? आमच्याकडे ओतून झालं की अडगळीत जातात, पावसाळ्यात भिजतात, आणि एक दिवस टेम्पोत.

थेम्सकाठची

ओतारी, बरीचशी वेकफील्डला आहेत. २०११ मध्ये त्यांच्या जन्मगावी 'द हेपवर्थ वेकफील्ड' हे संग्रहालय उघडलं, तिथे कुटुंबानं चाळीसच्या वर प्लास्टरं आणि ॲल्युमिनियमची कच्ची रूपं दिली. त्या 'विंग्ड फिगर'चं पूर्ण आकाराचं कच्चं रूपही तिथे उभं आहे, जवळपास छताला भिडलेलं. ओरखडे, डाग, ठिगळं सगळं तसंच. ब्राँझ बघून जे कळत नाही ते तिथे कळतं. सेंट आइव्हजचा स्टुडिओ १९८० पासून टेट ही संग्रहालय-संस्था सांभाळते. तिथे आवारात न कोरलेले संगमरवराचे ठोकळे अजून पडून आहेत, आणि बागेत 'फोर-स्क्वेअर, वॉक थ्रू' आहे. नावाप्रमाणे त्यातून चालत जाता येतं.

तिरकस

इंदूर, दापोली, वेकफील्ड, सगळं फिरवून आणलंत. ओतारींचं मेण पटलं, डलिचचंही पटलं. तरी एक हिशेब राहतोच. प्रती सात, शिवाय शून्य क्रमांकाची बाईंची. मग सरळ आठ का म्हणत नाहीत?

पाथरवट

कारण आठवी विकायची नव्हती.

तिरकस

म्हणजे धंद्याचाच आकडा सात.

पाथरवट

हो, आकडा धंद्याचाच. कानस बाईंची.